अर्जाचा हक्क आणि रेझ्युमेचा बाजार

नोकरी शोधणाऱ्याकडून ठरावीक शुल्क घेऊन त्याचा रेझ्युमे, म्हणजे शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये यांचा एक-दोन पानी गोषवारा, शेकडो किंवा हजारो कंपन्यांच्या आणि भरती सल्लागारांच्या ईमेल पत्त्यांवर एकाच झटक्यात धाडून देणाऱ्या व्यवसायाला रेझ्युमे वितरण सेवा असे म्हणतात. या सेवेचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड असतो: नोकरी मिळणे हा शक्यतेचा खेळ आहे, अर्ज जितके अधिक तितकी शक्यता अधिक, आणि जे काम उमेदवाराला महिनाभर करावे लागेल ते यंत्र तासाभरात करते. हा युक्तिवाद कुठेही पटू शकतो. परंतु जबलपूरसारख्या शहरात तो विशेष सहजपणे पटावा अशी परिस्थिती गेल्या शंभराहून अधिक वर्षांत घडत गेलेली आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय या सेवेचे खरे स्वरूपही नीट ध्यानात येत नाही.

जबलपूर हे सरकारी नोकरीचे शहर आहे. तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी येथे १९०४ साली सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांच्या कारखान्याची त्यात भर पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत या शहराचा कारभार नागपूरहून चालत असे; नव्या मध्य प्रदेशात राजधानी भोपाळला गेली, पण उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आले, वीज मंडळाचे मुख्यालयही येथेच राहिले आणि २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथे स्थापन झाले. जबलपूरच्या मराठी समाजातील बऱ्याच कुटुंबांचा इतिहास या आस्थापनांच्या इतिहासाला जोडलेला आहे: कोणी मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कचेऱ्यांतून आले, कोणी रेल्वेतून, तर कोणी अंबाझरी, भंडारा, खडकी, देहूरोड किंवा वरणगाव येथील आयुधनिर्माणींतून बदली होऊन आले आणि गोलबाजार, राइट टाउन, रांझी या भागांत स्थिरावले. अशा घरांत ‘फॅक्टरीत लागला’ किंवा ‘रेल्वेत चिकटला’ एवढे वाक्य मुलाच्या आयुष्याचा हिशेब पूर्ण करण्यास पुरेसे मानले जाई.

या नोकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग ज्या संस्थेतून जात होता, ती संस्था एका अर्थाने भारतातील पहिली आणि सर्वांत मोठी रेझ्युमे वितरण सेवाच होती, फक्त ती शासन चालवत होते आणि ती विनाशुल्क होती. युद्धानंतर सैन्यातून मुक्त झालेल्या जवानांचे पुनर्वसन करण्यासाठी १९४५ मध्ये रोजगार विनिमय केंद्रांची, म्हणजे ज्यांना सर्वत्र ‘एम्प्लॉयमेंट एक्सचेंज’ म्हणतात त्या कार्यालयांची, यंत्रणा उभी करण्यात आली आणि १९४८ मध्ये ती सर्व नागरिकांसाठी खुली झाली. उमेदवाराने एकदा नाव नोंदवायचे, ओळखपत्र घ्यायचे, ठरावीक मुदतीत नोंदणीचे नूतनीकरण करायचे, आणि जागा निघाली की केंद्राने पात्र उमेदवारांची नावे नोंदणीच्या ज्येष्ठतेनुसार मालकाकडे पाठवायची, अशी ही रचना होती. १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक क्षेत्रातील सर्व आस्थापनांवर आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवर रिक्त जागा केंद्राला कळवण्याचे बंधन घातले. मात्र त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात असेही स्पष्ट केले गेले की, जागा कळवली म्हणून ती केंद्राने पाठवलेल्या उमेदवारातूनच भरली पाहिजे असे कोणतेही बंधन मालकावर नाही. जागा न कळवल्याबद्दलचा दंड पहिल्या अपराधास जास्तीत जास्त ५०० रुपये ठेवण्यात आला होता, यावरून खासगी मालकांनी हा कायदा किती गांभीर्याने घेतला असेल याची कल्पना करता येते.

सरकारी आस्थापनांच्या बाबतीत मात्र गोष्ट वेगळी होती, कारण तेथे अर्जामागे राज्यघटना उभी होती. सोळाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक सेवेत समान संधीची हमी दिलेली असल्यामुळे पात्र व्यक्तीचा विचार होणे हा तिचा हक्क ठरतो, आणि विचार झाला नाही तर न्यायालयात दाद मागता येते. या हक्काचा विस्तार कसा होत गेला हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवरून दिसते. १९८७ च्या हरगोपाल खटल्यात सरकारी भरती केवळ रोजगार केंद्रांमार्फत करण्याचे धोरण न्यायालयाने ग्राह्य मानले. १९९६ च्या विश्वेश्वर राव खटल्यात मात्र केंद्राकडून आलेल्या नावांबरोबरच वृत्तपत्रे, आकाशवाणी आदी माध्यमांतून जाहिरात देऊन जे अर्ज करतील त्या सर्वांचाच विचार केला पाहिजे असे सांगितले. त्यानंतर सरकारी नोकरीचे दार नाव जाण्याऐवजी फॉर्म भरण्याने उघडू लागले. मध्य प्रदेशात अनेक पदांच्या जाहिरातींत रोजगार कार्यालयातील ‘जीवित पंजीयन’, म्हणजे मुदत न संपलेली नोंदणी, ही अट टिकून राहिली आणि फॉर्म भरण्यासाठी राज्याच्या एमपी ऑनलाइन सेवेचे कियोस्क गल्लोगल्ली उघडले. कर्मचारी निवड मंडळ, रेल्वे, बँका, पोलीस, पटवारी, असे जितके फॉर्म तितक्या संधी, हे गणित या शहरातील तरुणाच्या अंगवळणी पडले आणि त्या व्यवस्थेपुरते ते बरोबरही होते. वैध फॉर्म भरल्यावर अनुक्रमांक मिळतो, प्रवेशपत्र येते, उत्तरपत्रिका तपासली जाते, गुणवत्ता यादी लागते. ‘व्यापम’ या राज्याच्या परीक्षा मंडळाच्या २०१३ मध्ये उघडकीस आलेल्या घोटाळ्यामुळे या साखळीवरील विश्वासाला कितीही तडा गेला असला तरी साखळी अस्तित्वात आहे आणि तिच्या प्रत्येक कडीबद्दल माहितीच्या अधिकारात प्रश्न विचारता येतो.

खासगी कंपनीला पाठवलेल्या रेझ्युमेमागे यापैकी काहीही नसते. तो उघडण्याचे, वाचण्याचे, नाकारल्यास कळवण्याचे कोणतेही कर्तव्य कंपनीवर नाही, कारण सोळावा अनुच्छेद तिला लागू होत नाही. रेझ्युमे वितरण सेवा जे विकते त्यातील फसवा भाग नेमका येथे आहे: ती खासगी बाजारातील पाठवण्याच्या क्रियेला सरकारी फॉर्मचे वजन असल्याचा भास निर्माण करते. ‘तुमचा रेझ्युमे २,००० नियोक्त्यांकडे गेला’ हे वाक्य ऐकताना सरकारी फॉर्मवर वाढलेले मन नकळत ‘२,००० ठिकाणी तुमचा विचार होईल’ असे ऐकते, आणि सेवेने तसे कुठेही म्हटलेले नसल्यामुळे तिला खोटे ठरवताही येत नाही.

या गैरसमजाला आज अधिक वाव मिळण्याचे कारण असे की, सरकारी नोकरीचा जुना पायाच हलला आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या ४१ कारखान्यांची सात सरकारी कंपन्यांत विभागणी झाली. जबलपूरपुरते पाहिले तर गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या, खमरिया पुण्याच्या आणि वाहन कारखाना चेन्नईजवळील आवडी येथील कंपनीकडे गेला, आणि पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाने तर आपल्या कारखान्यांत मुदतबंद कराराने कामगार घेण्याची पद्धत सुरू केली. ज्या घरात दोन पिढ्या फॅक्टरीत गेल्या, त्या घरातील तिसरी पिढी पुणे, नागपूर, बंगळुरू, हैदराबाद येथील खासगी नोकऱ्यांकडे वळते. ज्यांच्या महाविद्यालयात कंपन्या भरतीसाठी येतात त्यांचे त्यातल्या त्यात बरे; १९४७ पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा २००५ मध्ये सुरू झालेली माहिती तंत्रज्ञान संस्था यांच्या विद्यार्थ्याला पैसे देऊन रेझ्युमे वाटून घेण्याची गरज सहसा पडत नाही. ती गरज एखाद्या लहान महाविद्यालयातून वाणिज्य किंवा विज्ञानाची पदवी घेतलेल्या, पुण्यात कोणीही ओळखीचे नसलेल्या मुलाला किंवा मुलीला वाटते, आणि या सेवेवर टीका करताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल.

सेवेची प्रत्यक्ष कार्यपद्धती फारशी गूढ नाही. संकेतस्थळांवरून आणि जुन्या जाहिरातींतून उचललेले, कधी एक्सेलच्या याद्यांच्या रूपात विकत घेतलेले पत्ते, त्यांवर एकाच मजकुराची पत्रे आणि सोबत रेझ्युमेची प्रत, एवढीच तिची सामग्री असते. अशी घाऊक पत्रे ईमेल व्यवस्थेला संशयास्पद वाटतात, कारण जाहिरातबाज आणि भामटे हेच करत असतात. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या व्यक्तिगत खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना स्वतःची ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करण्याची सक्ती केली आणि ज्यांच्या पत्रांबद्दल ‘स्पॅम’ अशी तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांवर जाईल त्यांची पत्रे अडवण्याचे धोरण जाहीर केले. कंपन्यांच्या स्वतःच्या टपालपेट्यांची गाळणी तर याहून कडक असू शकते. म्हणजे ज्या प्रमाणात सेवा अधिक पत्त्यांवर पाठवते, त्याच प्रमाणात तिचे प्रत्येक पत्र न पोहोचण्याची शक्यता वाढत जाते.

पत्र पोहोचले तरी एक अडचण उरते, जिचा विचार उमेदवाराने क्वचितच केलेला असतो. भारतात भरती सल्लागाराला कंपनीकडून मिळणारे शुल्क बहुधा उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतके, असते आणि उमेदवार प्रथम कोणी पाठवला यावर ते अवलंबून असते. एखाद्या उमेदवाराचा रेझ्युमे कंपनीच्या नोंदीत आधीच येऊन पडलेला असेल, तर सल्लागाराला त्याचे शुल्क मागता येत नाही. तोच रेझ्युमे पाच सल्लागारांकडे असेल तर श्रेयावरून वाद होण्याची भीती असते. परिणामी जो माणूस उमेदवाराची बाजू कंपनीसमोर मांडण्यास आपल्या स्वार्थापोटी का होईना तयार झाला असता, तोच सर्वत्र फिरलेल्या रेझ्युमेपासून दूर राहतो.

अर्थशास्त्राने या प्रश्नाची दोन अंगे वेगवेगळ्या काळात उलगडली आहेत. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६२ मध्ये श्रमबाजारातील माहितीवर लिहिताना शोध ही खर्चिक क्रिया आहे आणि शोधाचा खर्च त्यातून मिळणाऱ्या लाभाशी तोलूनच माणूस किती शोधायचे ते ठरवतो असे मांडले. शोधाचा खर्च कमी करणारी प्रत्येक गोष्ट या दृष्टीने उपकारकच ठरते, आणि वितरण सेवेचे समर्थन करायचे तर ते याच पायावर करता येईल. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरे अंग दाखवले. मालकाला उमेदवाराचे गुण थेट दिसत नाहीत, त्याला संकेत दिसतात, आणि संकेत विश्वासार्ह तेव्हाच असतो जेव्हा तो देण्यासाठी काही किंमत मोजावी लागते व अपात्राला ती किंमत पात्रापेक्षा जड जाते. अर्ज करणे हाही एक संकेत आहे: मला ही नोकरी, या कंपनीतील, हवी आहे. पाठवण्याचा खर्च शून्यावर आला की हा संकेत देणारा आणि न देणारा यांत फरक उरत नाही. आजच्या नोकरीच्या संकेतस्थळांवरील एका कळीत होणारे अर्ज आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली पत्रे यांनी हीच अवस्था सार्वत्रिक केली आहे. वितरण सेवा त्या प्रवाहाचे जुने आणि पैसे घेणारे रूप आहे, इतकेच.

याच्या नेमके उलट टोकाचा एक प्रयोग अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेने २००६ पासून चालवला आहे. अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवून प्राध्यापकीच्या शोधात असलेला उमेदवार अनेक विद्यापीठांना अर्ज करतो, त्यामुळे तो खरोखर कोणाकडे येईल हे विद्यापीठांना कळत नाही. संघटनेने प्रत्येकाला आपल्या विशेष आवडीचा निरोप जास्तीत जास्त दोन विद्यापीठांना पाठवण्याची मुभा दिली. दोनच, या मर्यादेतच त्या निरोपाचे सारे मूल्य आहे. वीस पाठवता आले असते तर एकालाही किंमत राहिली नसती. मराठी घरांना हे तत्त्व समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही, कारण गावभर फिरवलेल्या स्थळाविषयी वधू-वरांच्या मंडळींच्या मनात काय येते हे त्यांना चांगले ठाऊक असते.

वितरण सेवेच्या बाजूने सर्वांत गंभीर मुद्दा मात्र अर्थशास्त्राचा नसून न्यायाचा आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोस्टनजवळच्या न्यूटन या गावातील व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय पदांवरील पुरुषांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाल्याचे आढळले, आणि तीही जिवलगांपेक्षा तुरळक भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक प्रमाणात. जबलपूरच्या मराठी तरुणाला पुण्यात जी पहिली नोकरी मिळते तिच्यामागे बहुधा कोणाचा तरी मेहुणा, वडिलांचा बदलून गेलेला सहकारी किंवा मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेला पाहुणा असतो. ज्यांच्याकडे असे कोणी नाही त्यांनी काय करायचे, हा प्रश्न खराच आहे, आणि वितरण सेवा म्हणते की ओळख नसेल तर संख्या वापरा. परंतु परिचिताने ‘शब्द टाकला’ असे म्हणतात तेव्हा त्याने कागद पाठवलेला नसतो; उमेदवार वाईट निघाला तर आपली पत जाईल हा धोका त्याने पत्करलेला असतो. ती पत विकत मिळत नाही, आणि पत्त्यांची यादी तिची जागा घेऊ शकत नाही. ओळखीची व्यवस्था अन्याय्य आहे म्हणून तिला दिलेला प्रत्येक पर्याय न्याय्य ठरतो असेही नाही.

कागद स्वतःच्या बळावर कितपत बोलतो हे भारतात एकदा काटेकोरपणे तपासले गेले आहे. मराठी अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अॅट्वेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे वृत्तपत्रांतील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज गेले, पात्रता सारख्या ठेवल्या होत्या आणि नावे मात्र उच्चवर्णीय हिंदू, दलित व मुस्लीम अशी वेगवेगळी ओळखू येणारी होती. मुलाखतीचे किंवा लेखी परीक्षेचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर दलित नावाच्या बाबतीत उच्चवर्णीय नावाच्या ०.६७ पट, तर मुस्लीम नावाच्या बाबतीत ०.३३ पट निघाले. या निष्कर्षाची चर्चा सामाजिक भेदभावाचा पुरावा म्हणून झाली आणि ते योग्यच आहे. पण रेझ्युमे वाटपाच्या दृष्टीनेही तो वाचला पाहिजे. ज्याला ओळखीच्या अभावी संख्येचा आधार घ्यावा लागतो, त्याच्याच कागदाकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता अधिक असेल, तर संख्या वाढवून तो भेद भरून निघत नाही, फक्त नकारांची संख्या वाढते आणि तेही बहुधा मौनाच्या रूपात येतात.

या सेवेला काही उपयोगच नाही असे म्हणणे मात्र अतिरेकाचे होईल. एखाद्या अरुंद क्षेत्रातला अनुभवी माणूस, उदाहरणार्थ स्फोटकांच्या सुरक्षिततेत वीस वर्षे घालवून आयुधनिर्माणीतून स्वेच्छानिवृत्त झालेला अधिकारी, त्या क्षेत्रातील चाळीस-पन्नास निवडक कंपन्यांची आणि शोधसंस्थांची यादी तयार करणाऱ्याला पैसे देत असेल, तर तो यादीच्या ज्ञानाचे मोल देत असतो आणि ते ज्ञान खरे असू शकते. येथे मोल यादी लहान असण्याचे आहे. नवपदवीधराला मात्र विकली जाते ती लांब यादी.

शिवाय रेझ्युमे हा निरुपद्रवी कागद नाही. भारतीय पद्धतीच्या रेझ्युमेत अजूनही जन्मतारीख, वडिलांचे नाव, घरचा पत्ता, छायाचित्र आणि भ्रमणध्वनी क्रमांक असतो, म्हणजे बनावट नेमणूकपत्र पाठवून ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘लॅपटॉपची अनामत’ मागणाऱ्या टोळीला लागते ती सर्व माहिती एकत्र असते. सध्याच्या नोकरीतील वरिष्ठांच्या हाती तोच कागद पडण्याचा धोका वेगळाच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती ही मुक्त, विशिष्ट, पुरेशा माहितीवर आधारलेली आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि माहिती हाताळणाऱ्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. ज्यांची नावेही उमेदवाराला सांगितलेली नाहीत अशा २,००० पत्त्यांसाठी घेतलेली एकगठ्ठा संमती ‘विशिष्ट’ या शब्दात कशी बसवायची, याचे उत्तर या सेवांना लवकरच द्यावे लागेल. दिलेली संमती मागे घेण्याची सोय कायद्यात आहे, पण गेलेले पत्र मागे घेण्याची सोय ईमेलमध्ये नाही.

शेवटी प्रश्न पैसे कोणाकडून घ्यायचे याचा राहतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराने खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये असे सर्वसाधारण तत्त्व घालून दिले, मर्यादित अपवाद ठेवून; भारताने १९४८ चा सरकारी रोजगार सेवेविषयीचा करार १९५९ मध्ये मंजूर केला, पण १९९७ च्या करारास मंजुरी दिलेली नाही. परदेशी नोकऱ्यांसाठी भरती करणाऱ्या दलालांवर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याचे नियंत्रण आहे, देशांतर्गत कचेरीतील नोकऱ्यांसाठी रेझ्युमे वाटणाऱ्यांना तसा परवाना लागत नाही. १९९७ मध्ये सुरू झालेले नोकरी डॉट कॉमसारखे संकेतस्थळही आपले मोठे उत्पन्न भरती करणाऱ्या कंपन्यांकडून मिळवते, आणि उमेदवार सापडला नाही तर त्या कंपन्या पुढच्या वर्षी पैसे भरणार नाहीत, या भीतीमुळे त्याला शोध उपयुक्त ठेवावा लागतो. वितरण सेवेला अशी भीती नाही, कारण तिचे शुल्क पत्रे सुटताच वसूल झालेले असते. तिने ते शुल्क मुलाखतीच्या बोलावण्यास जोडले, तर तिला यादी छाटावी लागेल, पत्रे कमी करावी लागतील, रेझ्युमे कोणाला उपयोगी पडेल याचा विचार करावा लागेल आणि काही उमेदवारांना नकारही द्यावा लागेल. अर्थात एवढे सगळे करू लागल्यावर ती वितरण सेवा राहणार नाही, भरती सल्लागार होईल, आणि त्या धंद्यात शुल्क उमेदवार देत नाही, कंपनी देते.